हाताला आधी कळते

"बाई, आमच्या मुलाला दहापर्यंत नीट मोजता येत नाही. त्याला विज्ञान शिकवून काय करायचे?"

हा प्रश्न मला सोलापुरातल्या निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या शब्दांत विचारला गेला आहे. विचारणारी माणसे अडाणी नव्हेत, निष्ठुर तर मुळीच नव्हेत. ज्या आईने चौदा वर्षे मुलाच्या शर्टाची बटणे लावली, त्याच्यामुळे लग्नकार्ये टाळली आणि रात्री सगळे निजल्यावर 'आपल्यामागे याचे कसे होणार' या विचारात छताकडे पाहत रात्र काढली, तिला 'विज्ञान' म्हटले की परीक्षानळ्या, सूत्रे आणि दहावीचा पेपर आठवतो. बाई आपली थट्टा तर करीत नाहीत ना, असे तिला वाटले तर नवल नाही. तेव्हा या सदराच्या वाचकांपुढे यंदाच्या दिवाळी अंकात हाच प्रश्न ठेवते. चकल्या कुरकुरीत कशा कराव्यात हे सांगणाऱ्या सुगरणी अंकात इतरत्र भेटतीलच!

पूर्वी अशा मुलांना सर्रास 'मतिमंद' म्हणत. आता 'बौद्धिक अक्षमता' असा शब्द वापरतात. शब्द बदलला हे बरेच झाले, पण शब्दाआडचा मुलगा आपण समजून घ्यायला हवा. बौद्धिक अक्षमता हा काही रोग नव्हे की औषधाने उतरावा. मुलाची शिकण्याची गती कमी असते, न दिसणारी कल्पना मनात धरून ठेवणे त्याला जड जाते आणि रोजच्या व्यवहारातल्या गोष्टीही त्याला उशिरा जमतात. यातली बहुतेक मुले सौम्य गटात मोडतात, म्हणजे योग्य तऱ्हेने शिकवले तर स्वतःचे स्वतः करण्याइतकी ती तयार होऊ शकतात. 'योग्य तऱ्हेने' हे दोन शब्दच महत्त्वाचे.

आता विज्ञान म्हणजे काय ते पाहू. मोठ्या व्याख्या बाजूला ठेवल्या तर विज्ञान म्हणजे 'पुढे काय होईल' हे आधी ओळखणे. तवा विस्तवावर होता, म्हणजे तो आता लाल दिसत नसला तरी हात भाजेल. फरशी ओली आहे, पाय घसरेल. दूध रात्री बाहेर राहिले, नासले असेल. हे तुम्ही-आम्ही कोणत्या इयत्तेत शिकलो? कोणत्याच नाही. आपल्या मुलांनी ते येताजाता, बघताबघता उचलले. पण ज्या मुलाला येताजाता उचलता येत नाही, त्याला ते मुद्दाम शिकवावे लागते. म्हणजे हिशेब उलटाच झाला म्हणायचा. हुशार मुलाला विज्ञानाचा तास एकवेळ चुकला तरी चालेल, या मुलाला चुकून चालणार नाही.

आणि हे शिकवायचे कसे, याचे उत्तर काही आजचे नाही. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतार नावाच्या डॉक्टराने रानात सापडलेल्या, बोलता न येणाऱ्या एका मुलाला शिकवण्याची खटपट केली. त्याचा शिष्य सेगाँ. ज्या मुलांना त्या काळी वेड्यांच्या इस्पितळात कोंडून ठेवीत, त्यांच्यासाठी सेगाँने शिक्षणाची एक पद्धतच बसवली आणि १८४६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. आधी हात-पाय-डोळे यांना शिकवावे, कल्पना मागाहून येतील, हे त्याचे सूत्र. त्याच ग्रंथाच्या आधारे मारिया माँटेसरी या तरुण डॉक्टरीणबाईंनी रोममध्ये अशाच मुलांना शिकवले. त्यांतली काही मुले सर्वसाधारण शाळांच्या परीक्षेत इतर मुलांच्या बरोबरीने उतरली. सारे लोक आश्चर्य करू लागले, पण बाईंना वेगळेच आश्चर्य वाटले. ही मुले जर इथवर येतात, तर धडधाकट मुलांना शाळांनी इतके मागे का ठेवले आहे, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढे १९०७ साली त्यांनी गरीब वस्तीतल्या सर्वसाधारण मुलांसाठी पहिले बालगृह काढले.

आपण बालवाडीची फी भरून आपल्या नातवंडांना ज्या दट्ट्या-ठोकळ्यांशी खेळायला पाठवतो, त्यांचे मूळ हे आहे. ती साधने ज्यांच्यासाठी प्रथम घडली, त्या मुलांच्या हातात मात्र आपण पाटी-पेन्सिल देतो आणि 'याला काही येत नाही' म्हणून हळहळतो. हे एक जुने ऋण आहे, आणि अजून फिटलेले नाही.

महाराष्ट्रात ते फेडणारी माणसे झाली नाहीत असे नव्हे. मुंबईत होरमसजी आणि जेरबाई वकील या पारशी दांपत्याने आपल्या जय नावाच्या लेकीसाठी १९४४ साली सुरू केलेली शाळा आज मोठी संस्था झाली आहे. तिने तयार केलेला 'दिशा' नावाचा अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांतून वापरला जातो. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' काढली. आणि महागडी साधने आपल्याला परवडायची नाहीत म्हणून हातपाय गाळू नयेत, हे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, खडे, शंख-शिंपल्यांतून साधने करून केव्हाच दाखवून दिले. पुण्याच्या 'आयुका'तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची शेकडो खेळणी केली. काड्यापेटीतल्या काड्या, रिकामे खोके, जुनी चप्पल यांतून एवढे विज्ञान निघते हे पाहून मोठी माणसेसुद्धा चाट पडतात.

मग सोलापूरने का मागे राहावे? गिरण्यांचे भोंगे आता थांबले, पण पूर्व भागात चादरी-टॉवेलांचे माग अजून खडखडतात. तिथल्या रिकाम्या कांड्या, रिळे, सुताचे गुंते, शिवाय घरातली घमेली, वाट्या आणि कुंभाराकडची मडकी एवढ्यावर एक उत्तम प्रयोगशाळा उभी राहते. मी निवृत्त झाल्यापासून आमच्या गल्लीतल्या एका मुलाबरोबर हा उद्योग करते आहे. मुलाचे वय आता चौदा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, शेजारी कानडी, असा सोलापुरी मामला. एका शाळेत विज्ञानाच्या तासाला त्याला व्हरांड्यात बसवीत. 'त्याला काय कळणार, उगाच काचेचे सामान फोडील,' असे त्याच्या आईला सांगण्यात आले होते. अकराव्या वर्षी त्याने उतरवून ठेवलेल्या तव्यावर तळहात टेकला. विस्तव दिसत नव्हता, म्हणून तवा थंड, असे त्याचे साधे गणित. तळहात बरा झाला, पण आईने त्या दिवसापासून त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. तिचे चुकले असे कोण म्हणेल? पण अशाने जग दिवसेंदिवस लहान होत जाते. त्याचेही आणि तिचेही.

आम्ही सुरुवात पाण्यापासून केली. एक घमेले पाणी, आणि पाटीवर बूच, किल्ली, खडा, लिंबू, रिकामी कांडी. दोन टोपल्या. एकीवर तरंगत्या होडीचे चित्र, दुसरीवर तळाशी गेलेल्या दगडाचे. एकेक वस्तू हातात द्यायची आणि विचारायचे, काय होईल? त्याने टोपलीकडे बोट दाखवायचे, मग वस्तू पाण्यात सोडायची. पहिल्या दिवशी त्याच्या मते सगळेच बुडणार होते. कांडी तरंगली तेव्हा त्याने ती तीनदा दाबून पाहिली, तिन्ही वेळा ती वर आली. मी एक शब्द बोलले नाही. या साधनाची सारी खुबी इथेच आहे. चुकले हे पाणीच सांगते, आणि पाणी कधी रागावत नाही. ज्या मुलाने जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून 'चूक' हा शब्द ऐकला, त्याला हा केवढा विसावा असेल! शिवाय पाणी म्हणा, नीळ्ळू म्हणा की नीरु म्हणा, कांडी तिन्ही भाषांत तरंगते.

मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे दुसरे काही सांगायला नको. सारख्या दोन बाटल्या सावलीत ठेवल्या, एकीला ओले फडके गुंडाळले. तासाभराने दोन्हींना हात लावायचा. फडक्यातले पाणी उडून जाताना बाटलीतली उष्णता घेऊन जाते, माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. आपली हवा कोरडी असल्यामुळे हा प्रयोग इथे मुंबईपेक्षा चांगला साधतो. 'बाष्पीभवन' हा शब्द मी त्याला सांगितला नाही. आठ दिवसांनी त्याने आपण होऊन आजोबांच्या तांब्याला ओले फडके गुंडाळले. तो शब्द पाठ असलेली किती मुले हे करतात?

गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात उंच नंदीध्वज मिरवतात, ते त्याला फार आवडतात. म्हणून तळहातावर केरसुणीची लांब काठी उभी धरायची आणि मग तशीच पेन्सिल धरून पाहायची. लांब काठी सावकाश कलते, सावरायला वेळ मिळतो. आखूड पेन्सिल बघता बघता पडते. हे तर मोठ्या माणसांनीही करून पाहावे. रब्बीची ज्वारी पेरायच्या दिवसांत तीन वाट्यांत कापूस ठेवून ज्वारी रुजत घातली: एकीत पाणी, एकीत नाही, आणि तिसरीत पाणी घालून वर झाकण. रोज सकाळी एक मणी दोऱ्यात ओवायचा. किती दिवस झाले हे त्याला आकड्यात कळत नव्हते, मण्यांच्या माळेत कळले.

उष्णतेकडे मात्र आम्ही फार सावकाश गेलो. एकसारख्या तीन वाट्या घेतल्या. एकीत माठातले पाणी, एकीत साधे, एकीत सोसेल इतके कोमट. हात वाटीला लावायचा नाही, हाताची पालथी बाजू जवळ न्यायची आणि थांबायचे. 'जवळ ने, थांब, सांग' या तीन शब्दांवर आमचे जवळजवळ चार महिने गेले. आधी वाट्या, मग पातेले, मग इस्त्री, आणि शेवटी विस्तवावरून उतरवलेला तवा. प्रत्येक नव्या भांड्याशी पुन्हा पहिल्यापासून. वाटीवर शिकलेले तव्याला आपोआप लागू पडत नाही, हेच तर या मुलांचे खरे अवघड दुखणे आहे. म्हणून एकच गोष्ट घरात, अंगणात, शेजारी, आजोळी अशा निरनिराळ्या ठिकाणी करवून घ्यावी लागते.

या सगळ्यातून काही नियम हाती लागले, ते आयाबायांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगते. एका साधनात एकच गोष्ट शिकवावी. वाट्यांचे पाणी वेगळे असेल तर रंग, आकार, धातू सारखे हवे, नाही तर मूल लाल वाटी गरम असते असे शिकून बसेल! नाव शिकवताना सेगाँच्या तीन पायऱ्या आजही उपयोगी पडतात: आधी 'हे गरम' असे आपण सांगावे, मग 'गरम कोणते ते दाखव' म्हणावे आणि अगदी शेवटी 'हे कसे आहे?' असे विचारावे. आपण एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि मूल गप्प बसले की कपाळाला हात लावतो. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबावे. या थांबण्याइतके कठीण शिक्षण शिक्षकाला दुसरे नाही. मुलाचा हात आपल्या हातात धरून काम उरकू नये, कोपराला नुसता आधार द्यावा आणि तोही हळूहळू काढून घ्यावा. आणखी एक, चौदा वर्षांच्या मुलापुढे बाहुल्या आणि अस्वले ठेवू नयेत. बुद्धी सावकाश चालत असली तरी त्याला मिसरूड फुटते आहे. त्याला नट-बोल्ट द्यावेत, खरी नाणी, खरी कुलुपे द्यावीत. मान कशात आहे हे त्याला पुरते कळते.

सावधगिरीही सांगायला हवी. तोंडात वस्तू घालायची सवय असेल तर गोट्या, बटणाएवढे सेल आणि जोरकस लोहचुंबक घरातसुद्धा ठेवू नयेत. ते पोटात गेले तर जिवावर बेतते. ज्याला आकडी येते त्याला विस्तवाजवळ किंवा पाण्याच्या टाकीपाशी एकटे सोडू नये. विजेचा प्रयोग दोन सेल आणि लहानसा दिवा फळीवर बसवून करता येतो. चमचा मध्ये धरला तर दिवा लागतो, लाटणे धरले तर लागत नाही, आणि मुलाला भारी गंमत वाटते. पण तिथेच धोका आहे. सेलच्या तारेला हात लावला तरी काही होत नाही हे तो शिकतो, आणि भिंतीतला विजेचा सॉकेटही तसाच असेल असे समजू शकतो. म्हणून भिंतीतली वीज आधी ओळखीची करावी, सॉकेटवर लाल हाताचे चित्र चिकटवावे आणि चित्र दिसले की हात मागे, ही सवय पक्की झाल्यावरच सेलला हात घालावा.

फळ काय मिळाले, असे तुम्ही विचाराल. चमत्कार झाला नाही. तो अजून सातावर अडतो. त्याला तव्याचे तापमान सांगता यायचे नाही, 'वहन' आणि 'प्रारण' तर दूरच. पण गेल्या श्रावणात त्याच्या आईने मला मुद्दाम बोलावून घेतले. ओट्यावर दुधाचे पातेले होते. मुलगा आत आला, पातेल्याजवळ हाताची पालथी बाजू नेली, थांबला, 'वेडी' म्हणाला. तेलुगूत वेडी म्हणजे गरम. मग खुंटीवरचे फडके घेऊन त्याने पातेले उतरवले. आईने डोळ्यांना पदर लावला. "बाई, आता मी याला घरी ठेवून वाण्याकडे जाऊन येईन," एवढेच ती म्हणाली. ती वीस मिनिटे चौदा वर्षांनंतर तिची स्वतःची झाली होती. 'आपल्यामागे कसे होणार' या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणाजवळच नाही, पण त्याचा एवढासा तुकडा तरी एका पातेल्यापाशी सुटला.

ही कोणाची मेहरबानी नव्हे, हेही आईबापांनी जाणून असावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्यांचे दिव्यांगत्व ठराविक प्रमाणाहून अधिक आहे, अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, मग ती जवळच्या शाळेत जावोत की विशेष शाळेत. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून याच कामाला वाहिलेली आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शिक्षण-साहित्याचे संच तिने तयार केले आहेत, आणि सोलापूरकरांना सिकंदराबाद काही परके नाही. संच मिळाला तर अवश्य घ्यावा. मात्र तो कपाटात जपून ठेवण्याची वस्तू नव्हे. मुलाच्या हाताने मळलेला, कोपरे झिजलेला संच हाच चांगला संच.

आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनाही एक काम आहे. या दिवाळीत आकाशकंदील वर चढवताना शेजारच्या अशा मुलाला हाक मारा. खुंटीवर एक रीळ बसवा, त्यावरून दोरी घ्या, आणि दोरी त्याच्या हातात द्या. आपण खाली ओढतो आणि कंदील वर जातो, ही गोष्ट त्याला दहा वेळा करून पाहू द्या. पणत्या लावून झाल्यावर दोन विझवण्याआधी एकीवर लहान काचेचा पेला आणि एकीवर मोठी बरणी तुम्ही स्वतः पालथी घाला, आणि कोणती आधी विझेल ते त्याला विचारा. उत्तरासाठी थांबा, घाई करू नका. तुमची मुलेही तिथे असू द्यात. त्यांना वाटेल आपण त्याला शिकवतो आहोत, आणि थोड्या वेळाने उत्तर कोणाला ठाऊक नाही हे सगळ्यांच्या सारखेच लक्षात येईल.

फटाक्यांच्या एका खोक्याच्या पैशांत वर सांगितलेले सारे साहित्य येते आणि ते वर्षभर पुरते. उरलेली रिकामी रिळे मात्र टाकून देऊ नका. कोणाच्या तरी घरी ती हवी असतील.